उजव्या काठाचा धागा

रविवारी साडेतीनला
कन्ना चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानावर आम्ही सहाजण जमतो.
जिना लोखंडी,
मे महिन्यात कठड्याला हात लावायची सोय नाही.
सिद्राम बिराजदार पायथनच्या बातम्या सांगतो
गल्लीत कुणी गेल्याच्या सुरात:
अमुक आवृत्तीचा सांभाळ ऑक्टोबरपासून बंद,
तमुक मॉड्यूल काढून टाकलं,
ज्यांचं त्यावर चालत होतं त्यांनी आपापलं बघावं.
नवीन काय आलं ते शेवटी सांगतो,
तोवर चहा आलेला असतो
आणि कुणी ऐकत नाही.

मीही एक हत्यार लिहिलं होतं,
दोनशे अकरा ओळींचं.
आलेखाच्या कागदाचा फोटो द्यायचा;
ते चौकोन चौकोन वाचतं, भरलेला की मोकळा,
आणि जकार्डच्या पत्त्यांना भोकं कुठे पाडायची
त्याची यादी काढून देतं.
नानांसाठी लिहिलं. नानांनी वापरलं नाही.
अंबादास गुर्रम, अक्कलकोट रोडला एकतीस वर्षं
चादरीवरचे मोर चौकोनात बसवलेला माणूस,
पडद्याकडे बघून एवढंच म्हणाला,
"डावीकडे एवढी जागा का सोडलीस?"
म्हटलं, या भाषेत त्या जागेलाही अर्थ असतो,
एक जागा इकडेतिकडे झाली की सगळं अडतं.
"असणारच," म्हणाले. "मोकळा चौकोन मोजला नाही
तर मोर लंगडतो."
आणि जेवायला बसले.

मग मी ते सगळ्यांसाठी उघडं ठेवलं,
उन्हाळ्यात दारापुढे माठ ठेवतात तसं.
चौदा महिने कुणी ग्लास उचलला नाही.
पंधराव्यात एकाने लिहिलं,
ज्याचं नाव मला अजून उच्चारता येत नाही:
तुमच्या मोराचा उजवा काठ
एक धागा कमी पडतोय.

तीन रात्री बघितलं. मोर मला नीटच दिसला.
चौथ्या रात्री नानांना उठवलं.
त्यांनी चष्मा लावला, पडद्यावर बोट टेकवलं.
नाना भांडतात मराठीत, मोजतात तेलुगूत:
ओकटी, रेंडू, मूडू…
बोट सरकत सरकत काठाला पोचलं.
"पंच्याण्णव. शहाण्णव पाहिजेत. एक खाल्लास."

मी समजावलं, इथे मोजणी शून्यापासून,
आणि शेवट सांगितला की यंत्र त्याच्या अलीकडेच थांबतं,
मी उगाच आणखी एक वजा केला.
नाना विचारात पडले.
"पहिल्या धाग्याला शून्य म्हणतात?
मग त्याला मजुरी काय देतात?"

दुरुस्ती त्या माणसानेच पाठवली होती,
एक ओळ, तीत 'वजा एक' खोडलेलं.
"किती घेतले?"
काही नाही.
"एंदुकु?"
का, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
खाली त्याने लिहिलेलं तेवढं वाचून दाखवलं:
आमच्या गोठ्यात आजोबांचा जुना माग आहे,
हिवाळ्यात गुरांच्या शेजारी बसून मी तो चालवतो.
नाना उठून बसले.
"किती हुकांचा? विचार."

विचारलं. चारशे.

त्याच आठवड्यात कारखान्यातले शेवटचे दोन जकार्ड
भंगारात गेले, किलोवर.
पत्त्यांच्या माळा टेम्पोत चढवताना
कुणीतरी त्यातला एक नानांना आणून दिला.
तो आता आमच्या फ्रिजच्या एका पायाखाली आहे.

रविवारी मी जिना उतरून घरी आले की
नाना विचारतात, "आज काय बंद पडलं?"
मी सांगते. फोटो वाचणारी लायब्ररी बदलतेय,
माझ्या साठेक ओळी पुन्हा लिहाव्या लागतील.
ते मान हलवतात, जशी बदललेल्या सुताच्या भावावर हलवायची.

काल त्यांनी कागद पुढे सरकवला.
चारशे हुकांचा मोर, उजवा काठ लाल पेन्सिलीने.
पहिल्या चौकोनाखाली शून्य घातलंय,
आणि त्याच्या शेजारी, बारीक, एक.
दोन्ही तसेच ठेवलेत.

फोटो जरा हललाय.
उद्या उजेडात पुन्हा काढते.